कोच, यंत्र आणि म्हशीची धार

'कोच' हा शब्द आमच्याकडे आला तो रुळांवरून. माझ्या लहानपणी कोच म्हणजे रेल्वेचा डबा, आणि त्यात जागा मिळणं हा आयुष्यातला मोठा पराक्रम. पुढे हा कोच क्रिकेटच्या मैदानावर उतरला आणि गेल्या काही वर्षांत तर सरळ घरात शिरला. आता पोहायला कोच असतो, बुद्धिबळाला असतो, चारचौघांत बोलायला असतो, वजन उतरवायला असतो. आणि हे सगळं करूनही आयुष्याचं काय करायचं ते समजत नसेल, तर त्यासाठी 'लाईफ कोच' असतो. पूर्वी हे काम चुलते करीत आणि त्याची फी घेत नसत. फी घेत नसत म्हणूनच त्यांचं कोणी ऐकत नसे.

या शब्दाचं मूळ शोधायला गेलो तर एक गंमत हाती लागली. हंगेरीत 'कोच' नावाचं एक खेडं आहे. पंधराव्या शतकात तिथले कारागीर घोड्यांच्या उत्तम गाड्या बांधीत. त्या गाड्यांना गावाचंच नाव पडलं आणि गाड्यांबरोबर ते नाव युरोपभर धावलं. पुढे १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डच्या पोरांनी खासगी शिकवणीच्या मास्तरांना थट्टेने 'कोच' म्हणायला सुरुवात केली. म्हणजे काय, तर हा गृहस्थ ढ मुलाला गाडीत घालून परीक्षेच्या पलीकडे नेऊन सोडतो! थट्टेतला शब्द पोटापाण्याला लागला तो असा.

एका खेड्याचं नाव जगभर झालं हे वाचून मला पिंपळीबद्दल आशा वाटू लागली. पिंपळी म्हणजे आमचं गाव. बारामतीहून इंदापूरकडे निघालात की लागतं. तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून काटेवाडीला जाते ती आमच्याच अंगावरून. काटेवाडीत धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्यांचं रिंगण होतं, त्यामुळे वर्तमानपत्रात फोटो छापून येतो तो काटेवाडीचा. पिंपळीचा समावेश 'पालखी पुढे मार्गस्थ झाली' यातल्या 'पुढे' या शब्दात होतो. अशा गावात राहून मी बारामतीला एका बँकेत कारकुनी करतो. शिक्षण बी.कॉम., कॉलेज तुळजाराम चतुरचंद, स्वभाव डेबिट-क्रेडिट जुळेपर्यंत न जेवण्याचा.

या कोच प्रकरणाशी माझा संबंध आला तो आमच्या मेहुण्यांमुळे. सौभाग्यवतींचे हे धाकटे बंधू चोवीस वर्षं लष्करात होते. लष्कराने त्यांना हवालदार म्हणून निवृत्त केलं आणि गावाने त्याच दिवशी मेजर केलं. आमच्या भागात फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. त्याला वरची बढती नाही आणि खालची जागाही नाही. तर या मेजरांनी आल्याबरोबर पोलीस भरतीची अकॅडमी काढली. एक भाड्याचं मैदान, एक पत्र्याची शेड, एक शिट्टी आणि साठ-बासष्ट पोरंपोरी. पहाटे साडेपाचला कालव्याकडेच्या रस्त्याला पळायला सुरुवात. मेजरांच्या शिट्टीवर पोरं उठत, आणि ज्यांना पळायचं नव्हतं असे आम्ही शेजारीही उठत असू.

ज्यांच्या घरात कोणी भरतीला बसलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोलीस शिपाई व्हायचं तर मैदानी चाचणीला ५० गुण. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळण्याचे २०, शंभर मीटरचे १५, गोळाफेकीचे १५. त्यातून पार पडलात की १०० गुणांची लेखी : अंकगणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण. मैदानाचं मेजर बघत. लेखीचं आणि हिशेबाचं मात्र त्यांना शत्रूच्या तोफखान्यापेक्षा जास्त भय. कोणाची किती फी बाकी, कोणाच्या पालकाला काय कळवायचं, उद्याची प्रश्नपत्रिका कोण काढणार, या आघाडीवर ते रोज रात्री माघार घेत माझ्या ओसरीवर येत. "दाजी, जरा बघा की," म्हणून एक लाल वही पुढे करीत. दिवसभर बँकेत लोकांचे हिशेब बघितल्यावर रात्री मेहुण्याचे बघायचे, यालाच आमच्याकडे सुखी संसार म्हणतात.

अशातच ते एके दिवशी म्हणाले, "दाजी, उसाला एआय लावलंय, मग माझ्या पोरांना का नाही?"

बारामतीबाहेरच्या वाचकांना हा प्रश्न चमत्कारिक वाटेल. पण आमच्याकडे कृत्रिम बुद्धिमत्ता माणसांच्या आधी उसाला लागू झाली. बारामतीचं अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट, जे अप्पासाहेब पवारांनी १९७१ साली सुरू केलं, त्याने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड यांना बरोबर घेऊन उसाच्या शेतात हे यंत्रज्ञान आणलं. २०२४ मध्ये सुमारे हजार शेतकऱ्यांपासून सुरुवात झाली. शेतात हवामान मोजणारा एक खांब उभा राहतो, जमिनीत ओलावा सांगणारे संवेदक पुरतात, वरून उपग्रह डोळा ठेवतो, आणि या सगळ्याची गोळाबेरीज करून फोनवर चक्क मराठीत निरोप येतो : आज पाणी देऊ नका, अमुक कोपऱ्यात रोगाची लक्षणं दिसतात, खत इतकंच टाका. २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेलांनी या उसाची गोष्ट जगाला सांगितली आणि त्यावर इलॉन मस्क यांनीही दाद दिली. ज्या ऑक्सफर्डच्या पोरांनी मास्तरला कोच केलं, त्याच ऑक्सफर्डचा हात फिरत फिरत आमच्या उसाला लागला. कालचक्र म्हणतात ते हेच असावं.

तेव्हा मेजरांचा प्रश्न अगदीच अडाणी नव्हता. त्यांनी आमच्या कन्येला बोलावलं. ती कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि घरातल्या सर्व वडीलधाऱ्यांना फोन दुरुस्त करून देण्याच्या वयात आहे. तिने मामाच्या फोनमध्ये ते बोलणारं यंत्र बसवून दिलं आणि सांगितलं, "मामा, याला काहीही विचार." मेजरांनी पहिला प्रश्न विचारला, "जेवलास का?" यंत्राने आपण जेवत नसल्याचं नम्रपणे कळवलं. "बरं आहे, मेसचा एक वाढला नाही," म्हणून मेजरांनी त्याला भरती करून घेतलं.

पहिलं काम फीच्या आठवणीचं. यंत्राने पालकांना जे पत्र लिहिलं ते असं मुलायम, की त्यात 'आपल्या पाल्याच्या उज्ज्वल भवितव्याच्या या सुंदर प्रवासात' असं बरंच काही होतं. एका पालकाने ते सुविचार समजून नातेवाइकांना पुढे पाठवलं. फी कोणीच भरली नाही. मेजर गरजले, "कडक लिही!" तेव्हा यंत्राने असं कडक लिहिलं, की दोन पालक घाबरून वकिलाला विचारायला गेले. शेवटी मी मेजरांना म्हटलं, "तुम्ही तोंडाने काय सांगाल ते त्याला सांगा." मेजर फोनकडे तोंड करून बोलले, "हे बघ, आमच्याकडं लोक दर महिन्याला फी देत नाहीत. उसाचं बिल आलं की देतात. त्यांना म्हणावं, बिल कधी येणार तेवढी तारीख कळवा, मी थांबतो." यंत्राने तेच चार ओळींत नीटनेटकं करून दिलं. आठ दिवसांत बहुतेकांच्या तारखा आल्या आणि काहींचे पैसेसुद्धा. यंत्राला पंचांग ठाऊक होतं, ऊसबिल ठाऊक नव्हतं. ते मेजरांना ठाऊक होतं.

दुसरं काम जाहिरातीचं. यंत्राने झोकात लिहिलं : '१०० टक्के निवडीची हमी!' मेजर खूश झाले. मी मात्र त्यांना बसवून सांगितलं, की अशा हमीवर सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये नियमावली काढली आहे. शिकवणी वर्गांनी निवडीच्या आणि गुणांच्या खोट्या हम्या द्यायच्या नाहीत. आम्ही बँकवाले हमी या शब्दाला फार भितो. हमी द्यायची तर मागे तारण लागतं, आणि मेजरांकडे तारण म्हणून एक शिट्टी होती. मग जाहिरात झाली, 'पहाटे साडेपाच वाजता हजर राहणाऱ्यांनीच यावे.' ही मेजरांची स्वतःची. तिला यंत्राने फक्त शुद्धलेखन लावलं.

तिसरं काम प्रश्नपत्रिकेचं, आणि यात मात्र यंत्राने कमाल केली. बोलता बोलता पन्नास प्रश्न, उत्तरांसकट. पूर्वी मेजर आणि मी मिळून रात्री अकरापर्यंत वीस काढायचो. पण उत्तरं तपासताना एके ठिकाणी सापडलं : महाराष्ट्रात जिल्हे ३५. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला आणि आकडा ३६ झाला, हे भरतीचं पोर झोपेत सांगेल. यंत्राने ३५ हा आकडा अशा आत्मविश्वासाने दिला होता, की क्षणभर पालघरकरांची कीव आली. आमच्या बँकेत यावर एक जुना तोडगा आहे. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासून मग पुढे सोडायची. दोन्ही कामं एकाच माणसाने करायची नाहीत. मी मेजरांना हाच नियम घालून दिला : यंत्राने काढायचं, तुम्ही तपासायचं. साहेब चुकला तरी खालच्याने सही केलेली असते, या तत्त्वावर देशातल्या बँका उभ्या आहेत.

याच नियमातलं दुसरं कलम गुप्ततेचं. बँकेत एकाचं पासबुक दुसऱ्याला दाखवीत नाहीत. बायकोने विचारलं तरी नाही. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा देशात २०२३ साली झाला, पण कारकुनाच्या हाडात तो आधीपासूनच असतो. म्हणून पोरापोरींची नावं, पत्ते, फोन नंबर यंत्रात घालायचे नाहीत, फक्त छातीवरचा नंबर घालायचा, असं मी बजावलं. मेजरांना हे पटलं. फौजेत माणूस नंबरानेच ओळखतात.

एक उपयोग असाही निघाला की जो कोणाच्या डोक्यात नव्हता. शेकडेवारीच्या गणितात अडलेली पोरं वर्गात हात वर करीत नसत. मेजरांच्या मिशा पाहून भल्याभल्यांची शंका जागच्या जागी निरसन पावे. ती पोरं आता रात्री यंत्राला विचारू लागली. तेच गणित सात वेळा विचारलं तरी यंत्र खेकसत नाही, 'इतकंही येत नाही?' म्हणत नाही. माणसाला नुसतं कोणीतरी शांतपणे ऐकून घ्यावं याची केवढी भूक असते! १९६६ साली अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये जोसेफ वाइझेनबाउम या प्राध्यापकाने 'एलायझा' नावाचा साधा प्रोग्राम लिहिला. त्याला अक्कल अशी काही नव्हती. तुमचंच वाक्य तो प्रश्न करून परत तुमच्या पदरात टाकी. तरी प्राध्यापकांच्या सेक्रेटरीबाई त्याच्याशी बोलायला बसल्या आणि थोड्या वेळाने प्राध्यापकांनाच म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर जाता का?" विचारणारा भेटला की माणूस बोलतो, मग तो विचारणारा लाकडाचा का असेना.

एवढं सगळं सुरळीत चाललेलं पाहून मेजरांच्या पोटात एक दिवस गोळा आला. "दाजी, हे सगळंच करायला लागलं तर माझी गरज काय?"

मी त्यांना बुद्धिबळाचं उदाहरण दिलं. १९९७ साली डीप ब्लू नावाच्या यंत्राने कास्पारोव्हसारख्या जगज्जेत्याला हरवलं, तेव्हा बुद्धिबळाचे मास्तर उपाशी मरणार असं वाटलं असेल. घडलं उलटंच. आज प्रत्येक कोचच्या हाताशी जगज्जेत्याहून बलाढ्य यंत्र असतं आणि कोच पूर्वीपेक्षा जास्त आहेत. २०२५ साली आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने एकोणिसाव्या वर्षी महिलांचा विश्वचषक जिंकला, ती याच पिढीतली. आणि २०२४ चा जगज्जेता गुकेश? त्याच्या सुरुवातीच्या गुरूंनी, विष्णू प्रसन्नांनी, तो चांगला तयार होईपर्यंत त्याला यंत्रापासून मुद्दाम लांब ठेवलं होतं. म्हणजे यंत्र कधी द्यायचं आणि कधी काढून घ्यायचं, हे ठरवणारा माणूस लागतोच. मेजरांचा गोळा खाली बसला. पण त्यांची खरी परीक्षा पुढेच होती, आणि तिचा नंबर होता सतरा.

सतरा नंबर ही जवळच्याच वस्तीवरची मुलगी. नाव मी इथेही देणार नाही. एकदा नियम केला म्हणजे केला. जुलैत आली तेव्हा अनवाणी पळत होती आणि तरी पुढे असायची. मेजर म्हणत, "ही पोरगी वर्दी घालणार." दिवाळीपर्यंत तिची ८०० मीटरची वेळ दर शनिवारी उतरत गेली. दिवाळीनंतर ती चढू लागली. तीन मिनिटं दोन सेकंद होती ती फेब्रुवारीत तीन मिनिटं एकोणीस सेकंदांवर गेली. तिच्या वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "या भरतीत झालं तर झालं, न्हाईतर मे महिन्यात उरकून टाकायचं." उरकून टाकायचं म्हणजे लग्न. आमच्याकडे लग्नाला हेच क्रियापद लावतात.

मेजर सरळ माणूस. जमणार नाही अशा पोराची फी खाणं त्यांना पाप वाटतं. "आळसावली पोरगी. बापाला खरं ते कळवून टाकतो," म्हणाले आणि यंत्राला पत्र लिहायला सांगितलं. यंत्राने लिहिलं. काय लिहिलं! कुठे एक कठोर शब्द नाही, मुलीच्या प्रयत्नांचं कौतुक, पुढच्या वाटचालीस शुभेच्छा. असं पत्र हातात पडलं असतं तर बापाने डोळे पुसत मांडव घातला असता.

कन्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, "मामा, पाठवायच्या आधी याला कारण तरी विचारू." तिने लाल वहीतल्या शनिवारच्या सगळ्या वेळा, नंबर सतरा एवढंच लिहून, यंत्रात घातल्या आणि विचारलं, असं का झालं असेल? मला वाटलं, आता पालघरसारखं काहीतरी ठोकून देणार. पण यंत्राने उत्तर दिलंच नाही. उलट त्यानेच विचारलं : दिवाळीच्या सुमाराला हिच्या घरी काही बदललं का? ही झोपते किती वाजता, उठते किती वाजता? पळायच्या आधी काय खाते? मध्यंतरी आजारी होती का, रक्त तपासलं का? पायात बूट कसले आहेत?

मेजर फोनकडे बघत राहिले. बुटांचं तेवढं त्यांना माहीत होतं, कारण ते त्यांनीच घेऊन दिले होते. बाकीच्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. आठ महिन्यांच्या लाल वहीत तिचे बत्तीस शनिवार सेकंदासकट होते. 'पोरी, निजतेस कधी?' हा रकाना नव्हता.

"आता हे उत्तर देईल की," मेजर म्हणाले.

"ते कसं देईल मामा? ते तिलाच विचारायला लागेल."

आमच्या ओसरीवर त्या वेळी शेजारचे एक म्हातारे ऊसवाले बसले होते. त्यांच्या भाच्याच्या शेतात ते संवेदक पुरलेले. इतका वेळ ते सुपारी कातरत ऐकत होते. ते म्हणाले, "मेजर, उसाला तोंड न्हाई, म्हणून त्याच्या बुडात सुया खुपसाव्या लागत्यात. पोरीला तोंड हाय की!"

दुसऱ्या दिवशी पहाटे मेजरांनी तिला बाजूला घेतलं. ती सावधान उभी राहिली आणि एकेक उत्तर देत गेली. दिवाळीनंतर आईचं ऑपरेशन झालं. आई अजून वाकत नाही. घरी पाच म्हशी. ही साडेतीनला उठते, शेण काढते, धारा काढते, डेअरीवर दूध घालते आणि तिथून सायकल हाणत साडेपाचला मैदानावर येते. पोटात एक कप चहा. रात्री भाकऱ्या थापून अभ्यास, मग अकराला पाठ टेकते.

"आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं न्हाई सर."

त्या संध्याकाळी मेजर तिच्या घरी निघाले. मला बरोबर घेतलं, कारण बँकेचा माणूस आला की घरातले गंभीर होतात. कर्जाचं काही निघालं की काय असं त्यांना वाटतं. वस्तीवर गेलो तर वडील गोठ्यात होते. मुलीचा भाऊ, वय वर्षं बावीस, बाजेवर आडवा होऊन मोबाईलवर कुठल्याशा देशाशी युद्ध करीत होता. चहा आला. मेजरांनी भाषण केलं नाही. लाल वही उघडली आणि बोट ठेवलं. "ही दिवाळी. इथपर्यंत पोरगी उतरत आली. इथून चढत गेली. वहिनींचं ऑपरेशन कधी झालं?"

वडिलांनी तारीख सांगितली. वहीतली रेघ बरोबर तिथेच वळत होती. डेअरीवर रोज फॅटची पावती वाचणारा माणूस तो; आकडा वाचायला त्याला शिकवावं लागत नाही. तरी म्हणाला, "सर, आता न्हाई जमत तर काय करावं? पोरीची जात. वय निघून जातंय."

मेजरांनी चहाची बशी खाली ठेवली. "पाव्हणं, म्हशीनं दूध कमी केलं तर काय करता?"

"खुराक बघतो. सरकी पेंड वाढवतो. डॉक्टरला दावतो."

"लगेच विकत नाही?"

"लगीच कशी इकीन? चांगली म्हैस हाय."

"मग पोरगी कशी हो लगेच?"

गोठ्यात एक म्हैस हलली तेवढाच आवाज झाला. बाजेवरचं युद्ध थांबलं. वडील बराच वेळ खाली बघत होते. मग त्यांनी मुलाकडे पाहिलं आणि म्हणाले, "उद्यापासनं धारा तू काढायच्या."

वाचकहो, इथे गोष्ट संपली असं वाटेल, पण म्हशींना ही तडजोड मान्य नव्हती. तीन दिवस त्यांनी त्या पोराला पान्हा सोडला नाही. एकीने बादली लाथाडली, एकीने पोरालाच. शेवटी सतरा नंबरने भावाला शेजारी बसवून शिकवलं : कासेला पाणी कसं मारायचं, हात कसा फिरवायचा, कोणत्या म्हशीशी काय बोलायचं. यंत्राकडे म्हशीशी काय बोलायचं याचीही माहिती होती म्हणे. पण म्हशीने ती वाचली नव्हती. पाचव्या दिवशी दूध उतरलं. मेजरांची शिष्या अशा रीतीने स्वतः कोच झाली, तीही फी न घेता.

रक्त तपासलं तर कमी निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. यंत्राने आहाराचा तक्ता करून दिला. त्यात बदाम आणि परदेशी फळं होती. मेजरांनी ती खोडून शेंगदाणे, गूळ, अंडी आणि पालेभाजी लिहिली. यंत्राने तक्ता लगेच बदलला आणि मेजरांचं कौतुक केलं. दहा आठवड्यांनी तिची वेळ दोन मिनिटं अठ्ठावन्न सेकंद लागली. मैदानी पार पडली, लेखी अजून व्हायची आहे. निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही, हमी या शब्दाची मला सवय नाही. पण मे महिन्यासाठी कार्यालय कोणी धरलेलं नाही, ही पक्की बातमी आहे. आणि भाऊ हल्ली पहाटे साडेतीनला उठतो. उठलेलाच आहे तर येतो म्हणून मैदानावरही यायला लागला आहे. त्याचा नंबर त्रेसष्ट.

ते सुंदर पत्र यंत्रात अजून तसंच पडून आहे. मेजर ते पुसू देत नाहीत.

लोक मला विचारतात, की कोचने हे यंत्र वापरावं की नाही. बँकेतल्या माणसाला सगळे सगळं विचारतात. मी सांगतो, जरूर वापरावं. पत्रं लिहायला, प्रश्न काढायला, वहीतल्या आकड्यांतून वळण शोधायला त्याच्यासारखा कारकून नाही, आणि हे एक कारकूनच सांगतो आहे. पण गाडी कितीही चांगली असली तरी आत कोण बसलंय, जेवून आलंय की नाही, हे गाडीला ठाऊक नसतं. ते मागे वळून गाडीवानालाच विचारावं लागतं.

मेजरांच्या लाल वहीत आता वेळेच्या शेजारी एक नवा रकाना आला आहे : 'विचारलं का?' दर शनिवारी संध्याकाळी यंत्र त्यांना आठवण करून देतं, की नंबर नऊ, नंबर एकतीस आणि नंबर चव्वेचाळीस यांची चौकशी या आठवड्यात झालेली नाही. मेजर ताडकन उठतात आणि शिट्टी शोधतात. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांना वरिष्ठ मिळाला आहे. सलाम नेमका कुठल्या बाजूला ठोकायचा, एवढंच अजून त्यांना समजलेलं नाही.